दारूगोळ्याचे कारखाने कोठें उभे राहतात?

मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्गाकडे पाहणाऱ्याच्या मनांत एक प्रश्न सहज उभा राहतो. 1664 सालीं कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला गेला, त्या जलदुर्गाचें रक्षण तोफांवर अवलंबून होतें. मग दारूगोळ्याचे अर्वाचीन कारखाने या किनाऱ्यावर न येतां घाटापलीकडे खडकीस, वरणगांवास आणि भंडाऱ्यास कां गेले?

पहिलें कारण हवेंतच आहे. जुनी तोफेची दारू म्हणजे सोरा, गंधक व लोणारी कोळसा यांचें मिश्रण. तें ओल शोषून घेतें आणि ओली दारू नीट पेटत नाहीं. पुण्यास वर्षाकांठीं सुमारें 28 इंच पाऊस पडतो; सिंधुदुर्ग जिल्ह्यांत तो 100 इंचांहून अधिक असतो. शिवाय समुद्रावरचा खारा वारा धातूस गंज चढवितो.

दुसरें कारण शत्रूचें. जो किनारा व्यापारास मोकळा, तो परक्या आरमारासही मोकळाच. खुद्द सिंधुदुर्ग 1765 सालीं इंग्रजांनीं समुद्रमार्गें येऊनच घेतला. सह्याद्रीच्या आड असलेल्या ठिकाणास हें भय फारसें नव्हतें.

तिसरें कारण दळणवळणाचें. बोरघाटांतील लोहमार्ग 1863 सालीं खुला झाला आणि मुंबई बंदर पुण्याशीं जोडलें गेलें. सहा वर्षांनीं, 1869 सालीं, खडकीचा कारखाना निघाला. माल घेणारी लष्करी छावणी तेथें हाताशींच होती. वरणगांवालाही भुसावळचें मोठें रेल्वे-स्थानक जवळ आहे. कोंकणांत मात्र सलग लोहमार्ग पुरा व्हावयास 1998 साल उजाडलें.

चौथें आणि सर्वांत महत्त्वाचें कारण म्हणजे अंतर. अशा कारखान्याच्या इमारती एकमेकींपासून दूर बांधतात व मधें मातीचे बांध घालतात. हेतु हा कीं, एकीचा स्फोट दुसरीस पोंचूं नये. त्यासाठीं विस्तीर्ण मोकळी जमीन लागते. दाट वस्तीजवळ दारूगोळा असला म्हणजे काय होतें, हें मुंबईनें 14 एप्रिल 1944 रोजीं गोदींतील जहाजाच्या स्फोटांत शेंकडों प्राण गमावून पाहिलें.

परंतु मोकळी जागा कायमची मोकळी राहत नाहीं. एके काळीं पुण्याबाहेर असलेली खडकी आज नगराच्या विस्तारांत सामावली आहे. शिवाय योग्य जागा शेजाऱ्याचें रक्षण करिते, आंतल्या कामगाराचें नव्हे. भंडाऱ्याच्या कारखान्यांत 24 जानेवारी 2025 रोजीं झालेल्या स्फोटांत 8 जणांचे प्राण गेले. जागेची निवड एकदांच करावयाची असते. सावधगिरी मात्र रोज पाळावी लागते.