पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी

विवाहाची छायाचित्रे असोत वा वर्षाचा हिशेब, सारे पेन ड्राइव्हवर साठवता येते. पडद्यावर कॉपी पूर्ण दिसली, तरी काही मजकूर संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतच असू शकतो. त्या क्षणी ड्राइव्ह ओढून काढल्यास फाइलींची अनुक्रमणिका बिघडू शकते. म्हणून आधी ‘इजेक्ट’ करावे.

ड्राइव्ह उघडेनासा होऊन संगणकाने ‘फॉरमॅट’ सुचवले, तर तूर्त नकार द्यावा. अनुक्रमणिका हरवली तरी मूळ मजकूर बहुधा शाबूत असतो. नव्या फाइली मात्र त्याची जागा घेतात. त्यावर काहीही न साठवता ‘फोटोरेक’सारख्या मोफत प्रणालीने फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यास सोयीचा. जतनासाठी दुसरी प्रत अन्यत्र हवीच.