वाघावरून उतरता येणे

30 सप्टेंबर 2008 रोजी संपलेल्या तिमाहीत सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसला धंद्यातून 61 कोटी रुपये सुटले होते. कंपनीने जाहीर केले 649 कोटी. उलाढालीच्या हिशेबात खरा नफा 3 टक्के होता आणि कागदावरचा 24 टक्के. हे आकडे कुणा तपास अधिकाऱ्याने शोधून काढले नव्हते. कंपनीचे संस्थापक-अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी 7 जानेवारी 2009 रोजी आपल्याच संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात ते दिले होते. सत्यमचे नोंदणीकृत कार्यालय सिकंदराबादला, सरदार पटेल रस्त्यावरच्या मेफेअर सेंटरमध्ये होते. 1806 मध्ये इंग्रजांची छावणी म्हणून वसलेले आणि व्यापारावर वाढलेले हे शहर. यशस्वी व्यापारी त्याला नवे नव्हते. पण 1987 साली सुरू झालेली सत्यम वीस वर्षांत ज्या उंचीवर गेली, ती या शहरालाही नवी होती. सुमारे 53 हजार कर्मचारी, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी, आणि पत्राच्या काही महिने आधीच चोख कारभारासाठी मिळालेला गोल्डन पीकॉक पुरस्कार. बाहेरच्या यशाची म्हणून जी मापे आपण मानतो, ती सगळी राजूंपाशी होती.

त्या पत्राकडे आजवर घोटाळ्याचा पुरावा म्हणूनच पाहिले गेले, आणि ते रास्तच आहे. पण यश मिळालेला माणूस आतून किती बांधला जाऊ शकतो, याचाही तो दुर्मीळ दस्तऐवज आहे. राजूंनी लिहिले होते की खऱ्या आणि दाखवलेल्या नफ्यातली तफावत सुरुवातीला किरकोळ होती, वर्षागणिक ती वाढली आणि भरून काढण्याचा प्रत्येक प्रयत्न फसला. प्रवर्तकांचा हिस्सा थोडा होता. कामगिरी खालावली असे दिसले तर कुणीतरी कंपनी ताब्यात घेईल आणि मग तफावत उघडी पडेल, ही धास्ती होती. ही अवस्था त्यांनी वाघावरच्या स्वारासारखी असल्याचे म्हटले: खाली उतरावे तर वाघ खाणार. मला यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 3 टक्क्यांचा आकडा. तीन महिन्यांत 61 कोटी खरे मिळवणे हा गुन्हा नाही, अपयशही नाही. देशातल्या बहुतेक उद्योजकांना तेवढे आयुष्यभरात दिसत नाहीत. तरीही तो आकडा उच्चारणे हजारो कोटींच्या मालकाला अशक्य झाले होते. उद्योजकाच्या आंतरिक स्वातंत्र्याबद्दल बोलताना आपण हिमालय, मौन, निवृत्ती अशा गोष्टींकडे वळतो. मला वाटते, त्याची पहिली आणि खरी कसोटी याहून पुष्कळ साधी आहे: पडता आकडा जसा आहे तसा मोठ्याने सांगता येतो का?

यावर सरळ आक्षेप असा की हे भयाचे प्रकरण नव्हते, लोभाचे होते. पत्रात राजूंनी आपण वैयक्तिक लाभ घेतला नसल्याचे म्हटले होते. पण 2014 मध्ये सेबीने त्यांना आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना 1,849 कोटी रुपये अवैध लाभ म्हणून व्याजासह परत करायला सांगितले. 2015 मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. तिच्याविरुद्ध त्यांनी अपील केले. तेव्हा पत्रातला प्रत्येक शब्द प्रांजळ मानण्याचे कारण नाही. मात्र लोभ आणि भय ही एकमेकांना खोडून काढणारी स्पष्टीकरणे नाहीत. जे मिळाले त्यालाच माणूस ‘मी’ म्हणू लागला की आणखी मिळवणे हा लोभ होतो आणि आहे ते जाण्याची कल्पना हे भय होते, गाठ एकच. ती दानानेही सुटत नाही, हेही याच कंपनीच्या इतिहासात दिसते. राजूंनी 2001 मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ खेड्यांसाठी बायर्राजू फाउंडेशन काढले. 2005 मध्ये हैदराबादहून सुरू झालेली 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली आणि तिने असंख्य जीव वाचवले. ते काम खरे होते, मोलाचे होते. पण तेव्हाही वह्यांमधली तफावत वाढतच होती. यशस्वी माणसाने समाजाला काही परत दिले की तो आतून मोकळा होतो, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे; या उदाहरणापुढे ती टिकत नाही.

मग दुसरी वाट कशी असते? तिचा एक पुरावा सिकंदराबादला लागून असलेल्या हैदराबादच्याच दुसऱ्या टोकाला आहे. वनस्थळीपुरमच्या बाजूला, नागार्जुनसागर रस्त्यावरच्या कुसुमनगरात ‘धम्मखेत्त’ हे विपश्यना केंद्र 1976 साली सुरू झाले. इगतपुरीची धम्मगिरी आकाराला आली ती त्याच सुमारास. ही केंद्रे ज्यांच्या शिकवणीवर उभी आहेत ते सत्यनारायण गोयंका मुळात कारखानदार होते. 1924 मध्ये ब्रह्मदेशातल्या मंडालेला, मारवाडी व्यापारी घरात त्यांचा जन्म झाला. तिशी गाठेपर्यंत त्यांचा उद्योग भरभराटीला आला होता, रंगूनच्या भारतीय समाजात मान होता, आणि डोके फाडणारी अर्धशिशी होती. दुखणे असह्य झाले की मॉर्फिन टोचावे लागे. युरोप, अमेरिका, जपान इथले डॉक्टर झाले, गुण आला नाही. अखेर 1955 मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन मठातले भिक्षू नव्हते. ब्रह्मी सरकारचे महालेखापाल होते, कचेरीच्या जबाबदाऱ्या सांभाळून ध्यान शिकवत. निव्वळ डोकेदुखी घालवायला येणार असाल तर घेणार नाही, असे त्यांनी या श्रीमंत माणसाला सांगितले. मनाचे विकार धुऊन काढण्याची तयारी असेल तर या. दुखणे गेले तर तो आनुषंगिक लाभ.

मला हा नकार सगळ्या हकिकतीचा कणा वाटतो. आज मोठमोठ्या कंपन्या ध्यानाची शिबिरे भरवतात, आणि माणसे ताजीतवानी होऊन अधिक काम करतील हा त्यांचा उघड हेतू असतो. त्यात वाईट काही नाही. पण त्याला मुक्ती म्हणू नये. ध्यान हे आणखी यश मिळवण्याचे साधन झाले की यशाची पकड ध्यानाच्या आतही शिरते. ऊ बा खिन यांनी हा सौदा पहिल्याच भेटीत नाकारला. गोयंकांनी ती अट मानली आणि पुढे चौदा वर्षे गुरूंच्या सान्निध्यात साधना केली. या काळातला बराच भाग ते संसारात आणि व्यापारातच होते. 1962 मध्ये जनरल ने विन यांनी लष्करी उठाव केला आणि त्यानंतरच्या राष्ट्रीयीकरणात गोयंकांचे उद्योग सरकारजमा झाले. एका उद्योजकाच्या वाट्याला यापेक्षा मोठा पडता आकडा येणे नाही. पण ही त्यांनी आपल्या आयुष्याची अखेर मानली नाही; मोकळा मिळालेला वेळ त्यांनी साधनेत घातला. 1969 मध्ये ते भारतात आले आणि त्याच जुलैत मुंबईत पहिले शिबिर घेतले. दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क घ्यायचे नाही, खर्च आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून भागवायचा, हा नियम त्यांनी घातला. कामाचा विस्तार राजूंच्या कंपनीसारखाच अनेक देशांत झाला, पण त्याचा नफा कुणाच्या नावावर जमा होत नव्हता. ज्यांना वाटते की मन निवले की कर्तृत्व विझते, त्यांनी 1969 ते 2013 या काळातले या एका माणसाचे काम पाहावे.

आपल्या मराठी मुलुखातला दाखला तर आणखी जवळचा आहे. मालवणजवळच्या कांदळगावात वाढलेले मारुती कांबळी वडिलांच्या मृत्यूनंतर मुंबईला आले आणि विडीच्या धंद्यात उतरले. हळूहळू त्यांची अनेक दुकाने झाली. 1933 मध्ये त्यांना त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज भेटले. महाराजांच्या निधनानंतर 1937 मध्ये कांबळी घर सोडून देशभर फिरायला निघाले. परतून पाहिले तर दुकाने बहुतेक गेली होती. उरल्या दुकानात पोटापुरते मिळते आहे, एवढ्यावर ते थांबले आणि खेतवाडीतल्या माळ्यावर बसून देशोदेशीच्या माणसांशी मराठीत बोलत राहिले. निसर्गदत्त महाराज म्हणून जग त्यांना ओळखते. गेलेली दुकाने परत उभी करण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही, आणि उरलेले दुकान टाकूनही दिले नाही. मला या दुसऱ्या गोष्टीचे मोल अधिक वाटते. त्याग करणाऱ्याला निदान त्यागाचा मान मिळतो. गल्लीत विड्या विकत राहणाऱ्याला तोही मिळत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप कामगारांच्या आणि कुटुंबाच्या बाजूने येतो, आणि तो टाळता येणार नाही. मालकाच्या मनःशांतीशी नोकरदाराला काय करायचे? त्याला वेळेवर पगार हवा, लेखापरीक्षण चोख हवे, कायदा कडक हवा. हे पूर्ण खरे आहे. सत्यमनंतर आलेल्या 2013च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षक ठरावीक मुदतीनंतर बदलणे अनेक कंपन्यांना बंधनकारक केले, ते योग्यच झाले. आंतरिक स्वातंत्र्य हा लेखापरीक्षणाला पर्याय नाही. पण कायद्याची नजर बहुधा तफावत मोठी झाल्यावर पडते. ती किरकोळ असते त्या पहिल्या तिमाहीत खोलीत एकटाच माणूस असतो. आणि ज्याची राजूंना धास्ती होती, ते तर घडलेच: एप्रिल 2009 मध्ये कंपनी टेक महिंद्राकडे गेली. ती बुडाली नाही. वाघ समजून ज्याच्या पाठीवरून उतरण्याचे टाळले, त्या ताबाबदलातूनच कंपनी तरली. राहिला कुटुंबाचा प्रश्न. कांबळी निघून गेले तेव्हा घरी पत्नी आणि मुले होती, आणि त्या काळाचा भार घरच्यांनी उचलला. गोयंकांनी दिवसभर व्यापार सांभाळून साधना केली आणि पुढे पत्नी इलायचीदेवी शिबिरांत त्यांच्याशेजारी बसू लागल्या. दोन्ही वाटांनी माणसे मोकळी झाली असतील. पण उद्योजकासमोर मी ठेवीन ती गोयंकांची, कारण तिच्यात मोकळे होण्याची किंमत घरच्यांवर आणि नोकरदारांवर सर्वांत कमी पडते.