छत्तिसाव्या दिवसाची संध्याकाळ

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर लेण्यांकडून शेवटच्या बसगाड्या परतल्या की स्फटिकाच्या दगडांची दुकानं आवरायला लागतात. पुढचे दोन-तीन तास रिकामे. नुकतीच दारू सोडलेल्या माणसाचा कस या तासांतच लागतो. दिवस कामात निघून जातो. हात मोकळे झाले की पाय जुन्या वाटेला वळतात. इथून चार किलोमीटरवर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर, पर्शियन धाटणीच्या टोप्या घातलेली मंडळी पेले घेऊन निवांत बसली आहेत. त्या चित्रात मला नशेपेक्षा सोबत जास्त दिसते. दारू सुटते तेव्हा ही सोबतही सुटते, आणि ती जागा कशाने भरायची हे औषधाच्या चिठ्ठीत लिहिलेलं नसतं.

या प्रश्नाशी महाराष्ट्रात मुक्तांगणइतकं दीर्घकाळ झुंजलेल्या संस्था थोड्याच. लेखक अनिल अवचटांनी गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक बळ दिलं आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात येरवड्याला हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. खरी बांधणी डॉ. अनिता अवचटांची, अवचटांच्या लेखनातली सुनंदा ती हीच. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम केलेल्या या डॉक्टरबाईंनी केंद्राला शिस्त दिली आणि मायाही. 1997 मध्ये त्या गेल्या. पुढे धुरा मुलीने, मुक्ता पुणतांबेकरांनी सांभाळली.

इथले उपचार साधारण 35 दिवसांचे. औषधं, योग, समूहोपचार, संगीत, घरच्यांशी बोलणं. पण छत्तिसाव्या दिवशी माणूस घरी जातो, आणि तिथे घंटा वाजवून कुणी बोलावत नाही.

इथे अवचटांचं दुसरं रूप महत्त्वाचं ठरतं. एमबीबीएस झालेला हा लेखक ओरिगामी करायचा, लाकडात शिल्पं कोरायचा, बासरी वाजवायचा, रेषांनी कागद भरून टाकायचा. ‘छंदांविषयी’ हे पुस्तकच त्यातून झालं. मला यातलं मोलाचं वाटतं ते त्यांचं हौशीपण. उस्ताद व्हायची घाई नाही, स्पर्धा नाही. व्यसनातून उठणाऱ्या माणसाला आणखी एका परीक्षेत नापास व्हायचं नसतं.

तलफ लाटेसारखी चढते आणि बहुधा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ हात आणि डोळे एकाच कामात अडकले, तर लाट अंगावरून जाऊ शकते. मात्र छंद हा उपचाराचा जोडीदार आहे, उपचार नव्हे. जुनी, भरपूर दारू एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. तिथे डॉक्टरच हवा. पाठपुराव्याच्या बैठकांनाही पर्याय नाही.

छंद कुठला, याला तसं महत्त्व कमी. पण क्रमाला आहे. कागदाचा पक्षी पहिल्याच संध्याकाळी जमू शकतो, तोही रद्दीतल्या चौकोनातून. बासरीतून आधी बरेच दिवस नुसती फुंकर निघते, आणि थरथरत्या हातात पटाशी लगेच देऊ नये. म्हणून आधी कागद, मग बाकीचं. घरच्यांनीही शेजारी बसून एखादी घडी घालावी. फक्त ‘हे विकलं तर किती येतील?’ असं मात्र निदान पहिलं वर्षभर तरी विचारू नये.