मोफत शिक्षण : कायद्यात किती, वाडीवर किती?

आमच्या प्रतिनिधीकडून

आळेफाटा : पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, ते जुन्नर तालुक्यातील आळेफाटा. येथून जवळच असलेल्या आळे गावात एका रेड्याची समाधी आहे. संत ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले, तोच हा रेडा, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. या आख्यायिकेचा इतिहास बाजूला ठेवला, तरी तिचा आशय लपून राहत नाही. विद्या ही कोणा एका वर्गाची मिरास नाही, हेच ती सांगते.

आज याच फाट्यावर उभ्या असलेल्या पालकापुढे प्रश्न आहे तो मात्र व्यवहाराचा. मूल सहा वर्षांचे झाले. त्याला घालायचे कोठे? महामार्गालगतच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, की वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत? पहिलीत फी आणि गाडीभाडे आहे, दुसरीत दोन्ही नाही. पण पैसे न घेणारी शाळा चांगली असेल का, ही शंका पालकाच्या मनातून जात नाही. शिक्षण मोफत करणारा कायदा लागू होऊन दीड दशक उलटले तरी ही शंका कायम का आहे, हे समजून घेण्यासाठी त्या कायद्यात नेमके काय आहे आणि काय नाही, ते पाहावे लागेल.

सव्वाशे वर्षांची वाट

सर्वांना शिक्षण मिळावे ही मागणी महाराष्ट्राला नवी नाही. १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. शेतकऱ्यांच्या कष्टातून जमा होणारा महसूल वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शिक्षणाची आबाळ होते, असा त्यांचा आक्षेप होता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. पण त्याची जागा मार्गदर्शक तत्त्वांत होती. न्यायालयात दाद मागता येईल असा तो हक्क नव्हता. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-क आले आणि शिक्षण मूलभूत हक्क झाले. त्यासाठीचा कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. फुल्यांच्या निवेदनापासून मोजले, तर हा प्रवास सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा आहे.

'मोफत' म्हणजे नेमके काय?

सहा ते चौदा वयोगटातील प्रत्येक मुलाला घराजवळच्या शाळेत आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत मिळाले पाहिजे, असे कायदा सांगतो. मोफत याचा अर्थ केवळ फीमाफी नव्हे. ज्या खर्चामुळे मुलाचे शिक्षण अडेल, असा कोणताही खर्च त्याच्यावर पडता कामा नये, अशी ही व्याख्या आहे. पाठ्यपुस्तके याच विचारातून दिली जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर देशभरात रुजलेले शाळेतील शिजवलेले जेवणही त्याच वाटेवरचे.

याखेरीज काही तरतुदी पालकांना फारशा ठाऊक नसतात. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलालाही प्रवेश द्यावा लागतो. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हे कारण चालत नाही. मूल कधीच शाळेत गेले नसेल, तर त्याला वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. प्रवेशासाठी देणगी घेणे किंवा मुलाची अथवा पालकांची मुलाखत घेणे, हा दंडनीय अपराध आहे.

जुन्नर तालुक्यात या तरतुदींचे मोल मोठे आहे. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येथे येतात. कोपीवर आलेल्या त्या मुलाला आपल्या गावाकडचा दाखला नसतानाही जवळच्या शाळेत बसण्याचा हक्क आहे. त्याची नोंद एका शाळेकडून दुसरीकडे जावी, यासाठी शिक्षण खात्याने 'शिक्षण हमी पत्रका'ची सोयही केली आहे. मात्र हा हक्क कोपीपर्यंत पोहोचवणार कोण, हा प्रश्न प्रत्येक हंगामात नव्याने उभा राहतो.

पंचवीस टक्क्यांचे गणित

या कायद्यातील सर्वाधिक चर्चिली गेलेली तरतूद म्हणजे खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के राखीव जागा. वंचित आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात या जागा द्यायच्या आणि त्यांच्या फीची प्रतिपूर्ती सरकारने शाळेला करायची, अशी ही योजना आहे. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये ठेवण्यात आली आणि प्रवेश ऑनलाइन सोडतीने होऊ लागले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा तिच्यातून वगळल्या गेल्या.

या वाटेवर खाचखळगे कमी नाहीत. प्रतिपूर्तीची रक्कम वेळेवर मिळत नाही, ही संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर तेथील खासगी शाळेला या बंधनातून सूट देण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द ठरवला. संसदेने केलेल्या मूळ कायद्याला छेद देणारा नियम राज्याला करता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला.

हा निकाल योग्यच होता. पण सरकारचा युक्तिवाद ज्या प्रश्नाला स्पर्श करून गेला, तो प्रश्न निकालाने सुटत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात २५ टक्के म्हणजे दहा जागा. त्या सर्व भरल्या तरी त्या मिळणार सोडतीत नाव निघालेल्यांना, आणि तेही जेथे खासगी शाळा आहे तेथेच. अशा शाळा महामार्गालगत, बाजारपेठेच्या गावांत निघतात. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील आदिवासी वाड्यांत ही तरतूद कोणत्या शाळेला लागू करणार? तेथे शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची, नाहीतर आदिवासी विकास खात्याची आश्रमशाळा. पंचवीस टक्क्यांची वाट हवीच. परंतु ती सर्वांना पुरणारी नाही.

अंतराचा प्रश्न

पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे राज्याचे नियम सांगतात. शहरी वाचकाला एक किलोमीटर म्हणजे किरकोळ बाब वाटेल. येथे ती तशी नाही. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी या भागात बागायत आणली, बागायतीने ऊस आणला आणि उसाने बिबट्याला आसरा दिला. जुन्नर वनविभाग हा बिबट्यांच्या दाट वावराचा प्रदेश असून माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रही आहे. लोकवस्ती मळ्यामळ्यांतून विखुरलेली. दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या पाणंदीने सात वर्षांच्या मुलीला एकटीने शाळेत पाठवायचे का, याचा विचार येथील आईला करावा लागतो.

म्हणूनच कमी पटाच्या शाळांविषयीचा वाद येथे केवळ आकडेमोडीचा राहत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्याने मागवले. राज्यात अशा शाळांची संख्या चौदा हजारांहून अधिक होती. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ येथील शाळा नमुना म्हणून पुढे ठेवण्यात आल्या.

या विचाराला आधार नाही, असे म्हणता येणार नाही. चार इयत्ता मिळून आठ-दहा मुले असतील, तर मुलांना बरोबरीचे सवंगडी मिळत नाहीत आणि शिक्षकाला एकाच वेळी चार वर्ग सांभाळावे लागतात. मोठ्या शाळेत वर्गागणिक शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळा देता येते. मात्र तेथवर नेणारी गाडी एक दिवस आली नाही, तर शिक्षणच थांबते. आणि अशा वेळी आधी घरी राहते ती मुलगी. गाडी कोण चालवणार, तिचा खर्च किती वर्षे मिळणार आणि पावसाळ्यात ती घाटवाटेने वाडीपर्यंत येणार का, या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय वाडीवरची शाळा बंद करणे म्हणजे मोफत शिक्षणावर अंतराची फी लावण्यासारखे आहे.

दर्जा कोणाच्या हाती?

आता पालकाच्या मूळ शंकेकडे वळू. पैसे न घेणारी शाळा चांगली असू शकते का?

याचे उत्तर याच जिल्ह्यात सापडते. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने ग्रामस्थांच्या सहभागातून नाव मिळवले. खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा तर २०२५ मध्ये 'जगातील सर्वोत्तम शाळा' पुरस्कारांमधील लोकपसंतीच्या पुरस्काराची मानकरी ठरली. तेथे मुलेच एकमेकांचे 'विषयमित्र' होऊन शिकवतात. या दोन्ही शाळा सरकारी आहेत आणि त्यांच्या शिक्षकांची नेमणूक इतर जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांप्रमाणेच होते. सरकारी शाळा म्हणजे दर्जाहीन शाळा, हे समीकरण खोटे पाडायला एवढे पुरेसे आहे.

तथापि, अशा शाळांच्या कौतुकात एक धोका आहे. एखादा झपाटलेला शिक्षक आणि जागरूक गाव यांच्या बळावर उभी राहिलेली शाळा ही शेजारच्या गावातील मुलाचा हक्क होत नाही. हक्क तो, जो शिक्षकाची बदली झाल्यावरही टिकतो. त्यासाठी कायद्यानेच किमान निकष घालून दिले आहेत. पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. सहावी ते आठवीत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना स्वतंत्र शिक्षक हवेत. मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहता कामा नयेत. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अन्य अशैक्षणिक कामांना जुंपू नये. आपल्या शाळेत यांपैकी काय पाळले जाते, हे कोणताही पालक पाहू शकतो.

फिनलंडचे उदाहरण आपल्याकडे वारंवार दिले जाते. त्या देशाने १९७० च्या दशकात सर्व मुलांसाठी एकच नऊ वर्षांची सार्वजनिक शाळा सुरू केली आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला. श्रीमंताचे आणि मजुराचे मूल एकाच शाळेत गेले की त्या शाळेकडे दुर्लक्ष करणे कोणालाच परवडत नाही. आपल्याकडे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये परिसर शाळेची हीच कल्पना मांडली होती. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करण्याचे उद्दिष्टही त्याच अहवालातले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने ते पुन्हा उच्चारले आहे.

चौदाव्या वर्षानंतर

कायद्यातील सर्वांत मोठी पोकळी आठवीनंतर दिसते. हक्क चौदा वर्षांपर्यंत किंवा आठवी पूर्ण होईपर्यंतच आहे. सोडतीत नाव लागून इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलाला नववीत पोहोचताच संपूर्ण फी भरावी लागू शकते. आठ वर्षे ज्या वर्गात काढली, तो वर्ग सोडून नव्या माध्यमाच्या शाळेत जायचे की घरच्यांनी कर्ज काढायचे, हा पेच त्याच्यापुढे उभा राहतो. २०२० च्या धोरणात तीन ते अठरा वर्षे वयोगटाचा विचार आहे, परंतु कायद्याची मर्यादा चौदा वर्षांवरच थांबलेली आहे. ती वाढल्याशिवाय मोफत शिक्षणाचे आश्वासन अपुरेच राहील.

पालकांच्या हाती काय?

तोपर्यंत हातात असलेले साधन वापरणे पालकांना शक्य आहे. खासगी विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असणे कायद्याने बंधनकारक आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे, हे तिचे काम आहे. हक्क डावलला गेल्यास स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो. निर्णय मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

वाडीवरच्या शाळेत दुसरा शिक्षक आहे का, समितीची बैठक प्रत्यक्षात होते की केवळ सह्यांची वही फिरते, पावसाळ्यात छप्पर गळते का, हे प्रश्न साधे आहेत. आळेफाट्यावर शाळेच्या गाडीची वाट पाहणाऱ्या पालकाने आणि वाडीवर थांबलेल्या पालकाने ते मिळून विचारले पाहिजेत. कारण मोफत आणि चांगले शिक्षण सर्वांना मिळायचे असेल, तर ते बहुतेकांना त्याच वाडीवरच्या शाळेतून मिळणार आहे.