रात्री मुक्कामाला थांबलेलं ऊन

मे महिन्यात भर दुपारी अलिबागच्या किनाऱ्यावर चपला काढून चालून बघितलंय कधी? दोन पावलांत ‘आई गं!’ म्हणत पळ काढावा लागतो, इतकी वाळू पोळते. पण रात्री नऊच्या सुमाराला त्याच वाळूवर जाऊन बसा. छान गार! मग उठून जवळच्या सिमेंटच्या कठड्यावर हात ठेवा. तो अजून कोमट असेल. दुपारी दोघंही तापले होते, मग रात्री एक गार आणि एक गरम, असं कसं?

कोरड्या वाळूच्या कणाकणांत हवा अडकलेली असते आणि हवेतून उष्णता सहजासहजी पुढे सरकत नाही. त्यामुळे वाळूचा फक्त वरचा पातळ थर भाजून निघतो. चार बोटं उकरून बघा, खालची वाळू बरीच गार लागेल. सूर्य बुडाला की त्या पातळ थरातली उष्णता भराभर निघून जाते. काँक्रीट मात्र घट्ट. ते उष्णता आत खोलवर घेतं, दिवसभर साठवतं आणि रात्रभर थोडी थोडी सोडत राहतं.

आता एका कठड्याऐवजी अख्खं शहर डोळ्यांपुढे आणा. आपल्याच रायगड जिल्ह्यातलं पनवेल, खारघर, उलवे घ्या. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई उभी राहू लागली. जिथे भातशेती, मिठागरं आणि खाजणं होती, त्यातल्या कितीतरी जागी आज उंच इमारती आणि रुंद रस्ते आहेत. भोवतालच्या मोकळ्या रानापेक्षा अशी शहरं गरम राहतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘उष्णतेची बेटं’ म्हणतात.

ही गोष्ट नीट मोजून दाखवली ती ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या माणसाने. धंदा औषधं बनवण्याचा, पण जीव अडकलेला आकाशात. ढगांच्या प्रकारांना नावं देणारा हाच तो! वर्षानुवर्षं तापमानाच्या नोंदी ठेवून त्याने १८१८ पासून लंडनच्या हवामानावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात काय दिसलं माहितीये? रात्री लंडन शहर भोवतालच्या गावांपेक्षा सुमारे दोन अंश सेल्सिअसने गरम असे, आणि दिवसा मात्र किंचित गारच! मला तर हा शोध फार आवडतो. कारण त्यातून कळतं की शहराच्या उष्म्याची खरी गोष्ट दुपारची नाही, रात्रीची आहे. ऊन सगळीकडेच पडतं. शहरातून ते लवकर बाहेर पडत नाही.

का पडत नाही? एखाद्या मोकळ्या शेतात उभं राहून वर बघा. डोक्यावर सगळं आकाशच आकाश. तापलेली जमीन रात्री आपली उष्णता त्या आकाशाकडे सोडून देते. आता दोन टॉवरच्या मधल्या गल्लीत उभे राहा. आकाशाची एक पट्टीच उरते. रस्त्यातून निघालेली उष्णता समोरच्या भिंतीवर आदळते, भिंतीची रस्त्यावर. त्यात घराघरांतले एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतात, आणि ते चालवायला लागणारी वीजही शेवटी उष्णताच होते.

याच्या अगदी उलट कारभार बघायचा असेल तर नागाव, आक्षी किंवा चौलच्या वाडीत शिरा. वर नारळाच्या झावळ्या, त्यांच्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेले मिरीचे वेल. ऊन जमिनीपर्यंत पोचतं ते कवडशांपुरतं. आळ्यांत पाणी सोडलेलं, माती ओली. झाडं मुळांनी ते पाणी ओढतात आणि पानांवाटे वाफ करून सोडतात. वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती हवेतूनच घेतली जाते. किती? एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात माठातलं सात-आठ लिटर पाणी उकळीपर्यंत नेता येईल! वाडीत असं किती लिटर पाणी रोज उडून जातं, विचार करा. डांबरी रस्त्याकडे उडवायला पाणीच नसतं.

कोकणात आणखी एक अडचण आहे. इथली हवा आधीच दमट, त्यामुळे घाम लवकर वाळत नाही. म्हणून पुण्याला जे दोन अंश सोसतील, ते पनवेलला जीव घाबरा करतात. दिवसा समुद्रावरून येणारा खारा वारा मोठा आधार असतो, पण उंच इमारतींची रांग त्याच्या वाटेत उभी राहिली की मागच्या वस्तीपर्यंत तो पोचतो तो दमूनभागून.

शहर मोजमापातही लुडबुड करतं. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकत्व मोजत असत. विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं आणि ही नाजूक मोजणी बिघडणार हे उघड झालं. म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला आणलं. आजही ती चुंबकीय वेधशाळा तिथे आहे. तापमान मोजणाऱ्यांपुढेही असाच पेच असतो: पारा वर सरकला तो सगळी पृथ्वी तापतेय म्हणून, की वेधशाळेभोवती शहर वाढलं म्हणून? मग शहराबाहेरच्या नोंदी शेजारी ठेवून ताडून बघाव्या लागतात.

हे ताडून बघणं तुम्हालाही जमेल. हवामान खात्याचे तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतात. ही पेटी बनवणारे थॉमस स्टीव्हन्सन म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील! तुम्हाला पेटी नको, साधा खोलीतला तापमापक पुरे. एक तुमच्या गल्लीत, एक गावाबाहेर राहणाऱ्या मित्राकडे. उंची तीच, भिंतीपासून लांब, रात्री दहाला आणि पहाटे पाचला वाचायचा. ढग होते का, वारा होता का, हेही लिहा. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री दोन आकडे जवळ येतील. निरभ्र, निवांत रात्री ते किती लांब जातात, ते बघा.