प्लेटो वाचा, बटाटे सोला

बोस्टन शहरातल्या ग्रीन लाइन या ट्रामच्या ‘बी’ फाट्याचं शेवटचं स्थानक म्हणजे बोस्टन कॉलेज. नावात कॉलेज असलं तरी ते पुरतं विद्यापीठ आहे. जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी ते १८६३ साली काढलं आणि पुढे कितीही वाढलं तरी जुनं नाव तसंच ठेवलं. टेकडीवरच्या दगडी मनोऱ्यांपाशी ट्रामचा प्रवास सुरू होतो आणि शहराच्या पोटात शिरतो. या ट्रामने दर आठवड्याला काही विद्यार्थी ठरावीक वेळी खाली उतरतात. कुणी अन्नछत्रात जातं, कुणी बेघरांच्या निवाऱ्यात, कुणी शाळा सुटल्यावर मुलांचा अभ्यास घ्यायला. हे सगळं त्यांच्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात येतं. या उपक्रमाचं नाव ‘पल्स’.

अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठांत एक जुनी रीत आहे. तुम्ही हिशेबतपासनीस व्हा नाहीतर परिचारिका, थोडं तत्त्वज्ञान आणि थोडं धर्मशास्त्र शिकल्याशिवाय सुटका नाही. बोस्टन कॉलेजात दोन्ही विषयांचे दोन-दोन पेपर सक्तीचे. विद्यार्थ्यांना हे ओझंच वाटतं आणि कधी एकदाचं उरकतंय असं होतं. ‘पल्स’चा ‘व्यक्ती आणि सामाजिक जबाबदारी’ हा वर्षभराचा, बारा श्रेयांकांचा वर्ग घेतला की चारही पेपर एकदम निकाली निघतात. तेव्हा इथे येणारा प्रत्येक जण सेवेच्या तळमळीने येतो असं समजायचं कारण नाही. बरेच जण एका दगडात दोन पक्षी मारायला येतात. मला तर यातच या योजनेची खरी हुशारी दिसते. मुळात ज्यांचा ओढा सेवेकडे आहे, ते कुठेही गेले तरी सेवा करतीलच. सोय बघून आलेल्याला वर्षभर अडकवून ठेवणं हे शिक्षकाचं काम.

अट साधी आहे, पण कडक. नेमून दिलेल्या एकाच ठिकाणी, आठवड्याला आठ ते दहा तास, वर्षभर. आज अनाथालय, उद्या वृद्धाश्रम, परवा वृक्षारोपण असं चालत नाही. परीक्षा तोंडावर आली म्हणून दांडी मारली तर तिकडे कुणाची तरी पोळी अडते. दोन सत्रांचा हिशेब केला तर दोनशेच्या वर तास होतात. लहान मुलं किंवा वृद्ध असतील तिथे जायचं तर आधी राज्याच्या नोंदींतून विद्यार्थ्याची गुन्हेविषयक तपासणी होते. विद्यार्थी म्हणून तिथे सूट नाही.

‘पल्स’ सुरू झालं १९६९ मध्ये. तो काळच तसा होता. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन वर्ष झालं होतं, व्हिएतनाम युद्धाने विद्यापीठं धुमसत होती. खुद्द बोस्टन कॉलेजात त्याच वसंतात मेरी डेली या स्त्रीवादी प्राध्यापिकेला कायम करायला नकार मिळाला म्हणून विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. (तेव्हा कला शाखेत मुलींना प्रवेशही नव्हता; बाईंसाठी मोर्चे काढणारे बहुतेक मुलगेच.) अशा वातावरणात पॅट्रिक बर्न हा पदवीचा विद्यार्थी आणि तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख फादर जोसेफ फ्लॅनगन यांच्या खटपटीतून ही कल्पना उभी राहिली. बर्न ‘पल्स’चा पहिला संचालक झाला आणि पुढे त्याच विभागात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. फ्लॅनगन यांच्याऐवजी एखादा प्रशासक असता तर त्याने समाजसेवेची वेगळी समिती नेमली असती, वार्षिक अहवाल काढला असता आणि विषय तिथेच मिटला असता. फ्लॅनगन यांनी हे काम थेट वर्गात आणून बसवलं.

या जागेचा इतिहासही ध्यानात घ्यायला हवा. बोस्टन कॉलेज जन्मलं ते टेकडीवर नव्हे, साउथ एंड या शहराच्या मधल्या वस्तीत. दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश लोक तेव्हा बोस्टनच्या बंदरात येऊन पडत होते. गावातल्या जुन्या प्रोटेस्टंट घराण्यांना ते नकोसे होते. त्यांच्या मुलांना शिकवायला जेझुइटांनी ही शाळा काढली. आयरिश सावरले, पोलिस झाले, वकील झाले, महापौर झाले. आणि १९१३ मध्ये कॉलेजही शहर सोडून चेस्टनट हिलच्या हिरवळीवर गेलं. साउथ एंडमध्ये मागाहून दुसरे गरीब आले, त्यांत काळे होते, पोर्तो रिकोहून आलेले होते. ‘पल्स’चे विद्यार्थी ट्रामने जिथे उतरतात, त्यांतली एक वस्ती हीच, कॉलेजने मागे टाकलेली.

तिथे डार्टमथ स्ट्रीटवर हेली हाउस आहे. कॅथी आणि जॉन मॅकेना या जोडप्याने १९६६ मध्ये बेघर माणसांना घरात घेऊन ते सुरू केलं. वळण डोरोथी डे यांच्या कॅथलिक वर्कर चळवळीचं. पत्रकारितेतून आलेल्या, तरुणपणी डाव्या वर्तुळात वावरलेल्या डोरोथी डे यांनी १९३३ मध्ये मंदीच्या ऐन काळात पीटर मॉरिन यांच्या साथीने न्यूयॉर्कमध्ये ही चळवळ उभी केली. तिचा नियम असा की दाराशी आलेला माणूस हा पाहुणा. त्याची चौकशी करायची नाही, लायकी तपासायची नाही, उपदेश तर अजिबात नाही. चळवळीच्या घरांत काम करणारे पुष्कळदा तिथेच राहतात आणि त्याच पातेल्यातलं जेवतात.

अशा घराच्या स्वयंपाकघरात ‘पल्स’चा एकोणीस वर्षांचा मुलगा करतो काय? बटाटे सोलतो. कांदे चिरतो. कॉफीचे मग विसळतो, मेजं पुसतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याला कळायला लागतं की कोपऱ्यातल्या माणसाला दोन नव्हे, चार चमचे साखर लागते, आणि खिडकीपाशी बसणाऱ्याला कुणी समोर बसलेलं खपत नाही. सोलण्या-चिरण्याचं काम तासाभरात संपतं. मग हातात काही नसतं आणि माणसांशी बोलावं लागतं. पहिल्या महिन्यात बहुतेकांची त्रेधा उडते ती इथे. बेघर माणसाला काय विचारायचं? ‘काय करता तुम्ही?’ हा आपला नेहमीचा पहिला प्रश्न तर बादच.

याच आठवड्यात वर्गात डोरोथी डे यांचं ‘द लाँग लोनलीनेस’ हे १९५२ चं आत्मचरित्र चालू असू शकतं. किंवा ॲरिस्टॉटल, जो म्हणतो की सद्गुण ऐकून येत नाही, अंगवळणी पडावा लागतो. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये न्याय म्हणजे काय यावर सॉक्रेटिस तासन्‌तास वाद घालतो. खोलीत बसून वाचणाऱ्याला तो शब्दांचा खेळ वाटतो. सकाळी रांगेतल्या शेवटच्या तिघांना अंडी पुरली नाहीत हे पाहून आलेला मुलगा त्याच पानावर अडतो. त्याने पानांतून काय काढलं आणि कामातून काय काढलं, हे त्याला लिहून द्यावं लागतं. गुण मिळतात ते त्या लिखाणाला आणि चर्चेला. नुसते तास भरले म्हणून कुणी पास होत नाही.

दुसऱ्या तऱ्हेचं काम बघायचं तर सॅमॅरिटन्सचं. आत्महत्येचे विचार छळणाऱ्यांसाठी चालणारी ही दूरध्वनी सेवा बोस्टनमध्ये १९७४ मध्ये आणली कादंबरीकार मोनिका डिकन्स यांनी. चार्ल्स डिकन्सची ही पणती. इथे आधी प्रशिक्षण, मग फोन. शिकवतात काय, तर सल्ला न देणं. पलीकडचा माणूस बोलतोय तोवर गप्प राहायचं, आणि ‘सगळं ठीक होईल’ हे वाक्य गिळायचं. वर्गात हुशारीने बोलून गुण मिळवणाऱ्याला हे फार जड जातं, असं मला वाटतं.

या साऱ्यावरचा सर्वांत कडवा आक्षेप ‘पल्स’ जन्मायच्या आधीच नोंदवला गेला होता, आणि तोही एका कॅथलिक पाद्र्याने. १९६८ च्या एप्रिलमध्ये इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत सेवेला जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावलं की तुमचे चांगले हेतू तुमच्यापाशीच ठेवा. तुम्हाला तिथली भाषा येत नाही, तुमच्या चुकांची किंमत गावकरी मोजतात. गेलातच तर बघायला जा, शिकायला जा, मदत करायला जाऊ नका. हे भाषण पुढे सेवा-शिक्षणाच्या वर्गांतच वाचायला नेमलं जाऊ लागलं. आक्षेप मात्र तसाच उभा आहे. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरातल्या समाजसेवी संस्थांना विचारून रँडी स्टोकर आणि एलिझाबेथ ट्रायन यांनी २००९ मध्ये पुस्तक काढलं. त्यात संस्थाचालकांची तक्रार हीच की वीस-तीस तासांसाठी आलेली पोरं शिकवण्यातच आमचा वेळ जातो, आणि ती तयार झाली की निघून जातात.

‘पल्स’ने यावर काढलेली तोड म्हणजे ‘पल्स कौन्सिल’. आधी हा वर्ग केलेले विद्यार्थी पुढच्या वर्षी एकेका केंद्राची जबाबदारी घेतात; नव्यांना तिथे रुळवतात, तिथल्या व्यवस्थापकांशी बोलतात, कुणाचं बिनसलं तर मध्ये पडतात. त्यामुळे मुलं बदलली तरी ओळख टिकते. तरी मे महिना येतोच. विद्यार्थी घरी जातात आणि जुलैतही भूक लागणारी माणसं तिथेच असतात. या अडचणीला विद्यापीठाच्या दिनदर्शिकेत उत्तर नाही.

शिक्षणाला सेवेची जोड देणं हे जेझुइट संघाने स्वतः धोरण म्हणून स्वीकारायला थोडा वेळ घेतला. संघाचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो आरुपे १९७३ मध्ये व्हॅलेन्सियात माजी विद्यार्थ्यांच्या संमेलनात म्हणाले की आमच्या शिक्षणातून इतरांसाठी जगणारी माणसं घडायला हवीत, आणि आजवर आम्ही तुम्हाला तसं घडवलं नाही. सुखवस्तू श्रोत्यांपैकी काहींना हे चांगलंच झोंबलं. आरुपे हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तिथेच होते आणि वैद्यकीचं शिक्षण घेतलेले असल्यामुळे त्यांनी तिथल्या जेझुइट आश्रमाचा दवाखाना केला होता. अशा माणसाला नाराजीची काय भीती!

योगायोग असा की १९६९ हेच आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचंही साल. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबरला, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन एनएसएस सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास हा तिचा हिशेब ‘पल्स’च्या एका वर्षाच्या जवळपास जातो. पण एनएसएस म्हटलं की आपल्याला आठवतं ते दत्तक गावातलं सात दिवसांचं शिबिर. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री नाटुकली, आणि शेवटच्या दिवशी सरपंचांच्या हस्ते समारोप. शिबिरात मजा येते, मैत्री जमते, क्वचित एखादा बंधाराही होतो. परत आल्यावर अर्थशास्त्राचे सर मात्र ‘त्या गावात मजुरी किती मिळते रे?’ असं विचारत नाहीत. त्यांच्या विषयाचा आणि त्या गावाचा संबंध कुणी लावलेलाच नसतो.

आता नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात पदवीच्या आराखड्यात सीईपी, म्हणजे समाजाशी जोडून घेण्याच्या उपक्रमाला श्रेयांक आले आहेत. बॅनरपुढे उभं राहून काढलेले फोटो आणि स्पायरल बाइंडिंगचा अहवाल, एवढ्यावर ते आटोपू शकतं. ‘पल्स’कडून घ्यायचीच तर एक गोष्ट अगदी स्वस्त आहे. गेल्या वर्षी एका अंगणवाडीत किंवा वृद्धाश्रमात काम केलेल्या मुलीने यंदाच्या मुलीला सोबत घेऊन जावं, तिथल्या ताईंशी ओळख करून द्यावी, आणि वर्षभर तिथेच जायचंय हे सांगावं. त्याला निधी लागत नाही. वेळापत्रकात आठवड्याची एक दुपार मात्र मोकळी लागते, आणि ती कुठून काढायची हे प्रॅक्टिकलच्या बॅचेस लावणाऱ्या सरांनाच विचारावं लागेल.