भिंतीवरचे अनोळखी द्रेष्काण

इटलीतल्या फेरारा शहरातला पालाझ्झो स्किफानोया १३८५ मध्ये एस्ते घराण्याने मौजमजेसाठी बांधला. पुढे बोर्सो दे'एस्तेने तो वाढवला आणि १४७०च्या सुमारास ‘महिन्यांचं दालन’ रंगवून घेतलं. प्रत्येक महिन्याचे तीन पट्टे: वर रथारूढ रोमन देवता, खाली दरबार आणि शिकारीत रमलेला खुद्द बोर्सो (स्वतःची जाहिरात करण्यात त्याने कसूर केली नाही). कोडं होतं ते मधल्या निळ्या पट्ट्याचं. राशीभोवतीच्या तीन-तीन विचित्र आकृती कोण?

उत्तर १९१२ मध्ये आबी वारबुर्ग या जर्मन अभ्यासकाने दिलं. हे द्रेष्काण, म्हणजे राशीच्या दहा-दहा अंशांचे अधिपती. मेषेतल्या पहिल्या, कमरेला दोर बांधलेल्या सावळ्या पुरुषाचा माग काढत तो अरबी ज्योतिषी अबू माशरमार्गे थेट आपल्या वराहमिहिरापर्यंत पोहोचला!

हे दालन रंगवणाऱ्या चित्रकारांपैकी फ्रान्चेस्को देल कोस्साने मात्र त्या काळी कमी मोबदल्याची तक्रार बोर्सोला लेखी कळवली होती. पुढे वाड्यात तंबाखूचा कारखाना आला, भिंतींवर चुना फासला गेला. एकोणिसाव्या शतकात तो खरवडल्यावर बारांपैकी सातच महिने हाती लागले.